बागेतलं तळं हिरवं का होतं? पाणवनस्पती आणि सिल्लोडमधली एक छोटी संधी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बागेतल्या तळ्याचा विषय घेतला. व्हिडिओत दाखवता येतं, पण यादी, मापं आणि हिशोब लिहूनच दिलेला बरा. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात एका फसलेल्या कामापासून करतो. धंदा चांगल्या कामापेक्षा फसलेल्या कामातून जास्त शिकता येतो.

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेल मालकाने दर्शनी भागात तळं बांधून घेतलं. दहा फूट बाय आठ फूट, खोली दोन फूट. मधे कारंजं, दोन कमळाच्या कुंड्या, रंगीत मासे, कडेने दिवे. उद्घाटनाच्या दिवशी लोक फोटो काढत होते. दीड महिन्यात पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं झालं. मालकाने तळं उपसलं, घासलं, बोअरचं पाणी भरलं. पंधरा दिवसांत परत हिरवं. असं तीन वेळा झालं. मग कुणीतरी सल्ला दिला की मोरचूद टाका. टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. मी गेलो तेव्हा त्या तळ्यात मुरूम भरलेला होता आणि वर प्लास्टिकची फुलं खोचलेली होती.

मालक मला म्हणाले, "सर, आपल्याकडं तळं टिकतच नाही. हवाच तशी आहे."

हवेचा दोष नव्हता. त्या मालकाला सिमेंट विकलं गेलं, कारंजं विकलं गेलं, कमळं विकली गेली. स्वच्छ पाणी मात्र कुणीच विकलं नाही. आणि ज्याने ते काम केलं, त्याला त्या रस्त्यावर दुसरं काम मिळालं नाही.

आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गिऱ्हाईक रोप विकत घेत नाही, तळ दिसणारं पाणी विकत घेतं. रोप हे ते पाणी देण्याचं साधन आहे. हे ज्याला कळलं त्याला या कामात जागा आहे.

पाणी हिरवं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही बघितली असेल. तिथल्या हौदाची रचनाच वाहत्या पाण्याची आहे. डोंगराकडून नहरीतून पाणी यायचं, हौदात पडायचं, पुढे जायचं. आपल्या गिऱ्हाइकाच्या तळ्यात तसं नसतं. पाणी एकदा भरलं की तिथेच. त्यात मासे विष्ठा टाकतात, उरलेलं खाद्य कुजतं, झाडांची पानं पडतात. या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे काय? खतच. शेतात आपण नत्र देतो, तेच.

आता तळ्यात खत आहे, पाणी आहे आणि वरून सिल्लोडचं कडक ऊन आहे. काहीतरी उगवणारच. तुम्ही काही लावलं नाही तर शेवाळ उगवतं. डोळ्याला न दिसणारे शेवाळाचे कण कोट्यवधींच्या संख्येने वाढतात आणि पाणी हिरवं दिसतं.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर हे पटकन कळेल. मोकळ्या रानात तण माजतं. पीक दाट आलं की तणाला ऊनही मिळत नाही आणि खतही. तळ्यातही तेच गणित आहे. पाणवनस्पती हे पीक, शेवाळ हे तण.

मग मालकाने पाणी बदललं तर काय चुकलं? दोन गोष्टी. एक, तळं घासल्यावर भिंतीवर आणि खड्यांवर बसलेले ते उपयोगी जिवाणू धुऊन गेले. दुसरी, नवीन पाण्याबरोबर नवीन खत आलं. शेतीच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात खतांमधून झिरपलेलं नायट्रेट असू शकतं. म्हणजे दर वेळी तळं पुन्हा पहिल्या दिवसावर.

आणि मोरचूद? द्राक्ष-डाळिंबवाल्यांना बोर्डो मिश्रणामुळे ते चांगलं माहीत आहे. त्यातलं तांबं शेवाळ मारतं, पण माशांनाही घातक असतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. दोन्हीकडून मार.

तळ्यातले चार कामगार

पाणवनस्पतींची नावं पाठ करायची गरज नाही. त्यांची कामं पाठ करा. प्रत्येक तळ्यात चार प्रकारचे कामगार लागतात.

१. सावली देणारे. कमळ आणि वॉटर लिली म्हणजे कुमुद. दोघांत फरक काय? कमळाची जुनी पानं आणि फुलं पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात. कुमुदाची पानं पाण्यावर सपाट पसरतात आणि त्या पानाला एका बाजूने चीर असते. लहान तळ्यासाठी कुमुद सोयीचं, कमळाला मोठी कुंडी आणि भरपूर जागा लागते. दोघांनाही रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. पानांनी तळ्याचा साधारण अर्धा भाग झाकला पाहिजे. पाऊण भागाच्या पुढे गेलं तर पानं काढा, कारण पूर्ण झाकलेल्या तळ्यात हवा नीट खेळत नाही आणि मासे गुदमरतात.

२. पाण्याखाली राबणारे. हायड्रिला, वॅलिसनेरिया, आणि मत्स्यालयवाले ज्याला हॉर्नवर्ट म्हणतात ते सेराटोफायलम. हे दिसायला काहीच नाहीत, म्हणून ठेकेदार यांना विसरतो. तळं खरं तर यांच्याच जिवावर चालतं. हे थेट पाण्यातून खत ओढून घेतात आणि दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. दर दोन चौरस फुटांना एक जुडी या हिशोबाने सुरुवात करा.

३. काठावरचे. वेखंड, कर्दळ, छत्रीसारखी पानं असलेलं छत्रीगवत, नीरब्राह्मी. यांची मुळं ओल्यात आणि डोकं वर. मुळांच्या जाळ्यावर ते उपयोगी जिवाणू घर करतात. वेखंड आणि कर्दळ आपल्याकडे घराघरांत ओळखीचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला समजावणं सोपं जातं.

४. मासे. वनस्पती नाहीत, पण यांच्याशिवाय तळं म्हणजे डासांचा कारखाना. सुरुवात गप्पी माशांपासून करा. ते डासांच्या अळ्या खातात. राज्याच्या आरोग्य विभागाकडून डास रोखण्यासाठी गप्पी मासे पाळले आणि सोडले जातात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मोठे कोय मासे सुरुवातीला नकोच. ते कुंड्या उकरतात, कोवळी रोपं खातात आणि घाणही जास्त करतात. गप्पी मात्र ओढ्या-नाल्यात सोडू नका, तिथे ते स्थानिक माशांच्या वाट्याला येतात.

हे फक्त हौसेचं शास्त्र नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. त्यात खडी-वाळूच्या थरात कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती लावतात आणि मुळांमधून पाणी जाऊ देतात. सांडपाण्यासारखं पाणी ज्या तत्त्वावर सुधारतं, तेच तत्त्व तुमच्या गिऱ्हाइकाच्या दहा बाय आठच्या तळ्यात वापरायचं आहे.

भंडारा-गोंदियाने दाखवलेली वाट

आता एक मोठं उदाहरण बघा. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया भागात हजारो जुने तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. तिथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगतो. काळाच्या ओघात अनेक तलावांत बेशरम माजली, गाळ साठला, मूळच्या पाणवनस्पती गेल्या. त्यांच्याबरोबर स्थानिक मासेही कमी झाले.

मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी तिथल्या ढिवर स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन काम केलं. आधी मासेमारांना विचारलं: कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, काय खातो, कुठे लपतो? मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि हायड्रिला, सेराटोफायलम, वॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती परत लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे परतू लागले.

यातून आपण उद्योजक म्हणून काय घ्यायचं? एक, पाण्याखालची न दिसणारी वनस्पती हाच पाया आहे. फुलं नंतर. दोन, आधी काढा, मग लावा. चुकीची वनस्पती तशीच ठेवून चांगली लावली तर पैसे पाण्यात. तीन, ज्ञान पदवीत नसतं, रोज पाण्यात पाय असणाऱ्याकडे असतं. तुमच्या गावात मासेमारी करणारे कुणी असतील तर एक दिवस त्यांच्याबरोबर काढा.

ही रोपं विकू नका, फुकटही देऊ नका

जलपर्णी. निळसर-जांभळं सुंदर फूल, पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठाची. बाजारात "पाणी स्वच्छ करते" म्हणून विकतात. खत शोषते हे खरं आहे. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे शोभेचं रोप म्हणून आली आणि आता पवना, इंद्रायणी, पंचगंगा या नद्यांवर काय करते ते तुम्ही बातम्यांत बघता. चांगलं खत आणि ऊन मिळालं तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तुमच्या गिऱ्हाइकाने कंटाळून ती ओढ्यात फेकली की पुढचं धरण अडचणीत. वॉटर लेट्युस म्हणून मिळणाऱ्या तरंगत्या रोपाचंही तेच.

पाणकणीस मोठ्या तलावात ठीक, लहान तळ्यात नको. त्याची जमिनीतली खोडं इतकी जोरात पसरतात की प्लास्टिकच्या कागदालाही भोक पाडतात.

ऑनलाइन मिळणारं "निळ्या कमळाचं बी", "काळ्या कमळाचं बी" घेऊ नका. खऱ्या कमळाची फुलं गुलाबी, पांढरी आणि अमेरिकेतल्या एका जातीत पिवळी असतात. निळं कमळ म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कुमुद. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ जगभरातले पर्यटक बघायला येतात. त्याच रस्त्यावरच्या हॉटेलातल्या तळ्यात निळं कुमुद फुललेलं असेल आणि शेजारी दोन ओळींची पाटी असेल, तर ते गिऱ्हाइकाला विकायला वेगळी जाहिरात लागत नाही. ही सूचना फुकट घ्या आणि वापरा.

आणि एक. गावच्या तलावातून कमळं उपटून आणून विकायची नाहीत. एकदा विकत आणा, घरी वाढवा, त्याची पिल्लं विका. धंदा असाच टिकतो.

टँकरच्या गावात तळं? प्रश्न बरोबर आहे

हा प्रश्न तुम्हाला गिऱ्हाईक विचारेल, शेजारी विचारतील, आणि तुम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे. उन्हाळ्यात हंडा घेऊन लोक उभे असताना तळं कसलं बांधता?

उत्तर आकड्यात द्या. दहा बाय आठ बाय दोन फुटांच्या तळ्यात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. त्या हॉटेल मालकाने तीन वेळा उपसलं, म्हणजे साडेतेरा हजार लिटर वाया गेलं. जमलेलं तळं उपसावं लागत नाही. फक्त उडालेलं पाणी भरायचं. आपल्याकडे कडक मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उडतं असं धरा. या तळ्यासाठी ते सुमारे ७५ लिटर, म्हणजे पाच बादल्या. पानांची सावली आणि वाऱ्याला आडोसा असेल तर थोडं कमी. कारंजं दिवसभर चालू ठेवलं तर जास्त.

तरीही ज्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर चालू आहे तिथे मोठं तळं विकू नका. स्पष्ट नाही म्हणा. तिथे टबातलं तळं विका. शंभर-सव्वाशे लिटरचा टब, एक लहान जातीचं कुमुद, दोन-तीन जुड्या पाण्याखालच्या वनस्पती, सात-आठ गप्पी. रोज दोन-तीन तांबे पाणी. तळातलं पाणी कधी काढावं लागलं तर ते तुळशीला, गुलाबाला घाला, त्यात खत आहेच. मला विचाराल तर सिल्लोडसारख्या गावात तुमचा पहिला माल हाच. वाड्यात बसतो, गच्चीवर बसतो, दवाखान्याच्या दारात बसतो.

लहान मुलं असलेल्या घरात पाण्यावर मजबूत जाळी लावूनच द्या, टब असो की तळं. दीड फूट पाणीही लहान मुलाला धोक्याचं असतं. जाळी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम सोडून द्या.

पहिले ९० दिवस: गिऱ्हाईक नाही, फक्त सराव

आता तुमच्या कामाचं. घाईने गिऱ्हाईक पकडू नका. आधी स्वतःचं पाणी स्वच्छ ठेवून दाखवा.

पहिला महिना. घरामागे एक जुनी सिमेंटची टाकी, नाहीतर खड्डा करून शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद अंथरा. आपल्या तालुक्यात शेततळी पुष्कळ आहेत, तुकडा कुणाकडे तरी मिळतोच. कड जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात शेतातला गाळ आणि युरिया तळ्यात. नळाचं पाणी असेल तर एक-दोन दिवस उघडं ठेवा, म्हणजे क्लोरिन उडून जातं. मग रोपं. मासे दोन आठवड्यांनी.

कुंडीत माती कुठली? नर्सरीतलं हलकं मिश्रण नको, ते तरंगतं. आपली काळी चिकट माती उत्तम. शेणखत अजिबात नको. इथे शेतकऱ्याचा हात चुकतो. शेणखत टाकलं की त्यातलं खत पाण्यात उतरतं आणि आठ दिवसांत पाणी हिरवं. मातीवर दोन बोटं जाड खडीचा थर द्या, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही.

दुसरा महिना. पाणी हिरवं होईल. होऊ द्या. नवीन तळं पहिले काही आठवडे हिरवं होणं नेहमीचंच आहे, कारण पीक अजून लहान आहे आणि तण पुढे धावतंय. पाणी बदलायचं नाही. हाच तुमच्या संयमाचा पेपर आहे. रोज एक फोटो काढा. पांढरी बशी तळाशी ठेवा. ज्या दिवशी वरून बशी स्पष्ट दिसेल ती तारीख वहीत लिहा. हेच ३०-४० फोटो पुढे तुमची सर्वांत मोठी जाहिरात होणार आहेत. धाग्यासारखं शेवाळ आलं तर काडीला गुंडाळून काढा. भिंतीवरचं पातळ शेवाळ राहू द्या.

तिसरा महिना. वाढवा. हायड्रिलाचे तुकडे तोडून लावले की लागतात. वेखंडाच्या मुळ्यांचे भाग करता येतात. कुमुदाचे कंद विभागता येतात, आणि काही जातींत तर पानाच्या मध्यातूनच पिल्लू फुटतं. कमळ बियांपासून करायचं तर बीचं कवच एका टोकाला कानशीने घासा, आतला पांढुरका भाग दिसू लागला की थांबा, मग पाण्यात टाका. कवच इतकं टणक असतं की चीनमधलं सुमारे १,३०० वर्षं जुनं बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखवलं आहे. न घासता टाकलं तर तुम्ही वाट बघतच बसाल.

हिशोब: आकडे माझे, भाव तुमच्या गावचे

खालचे भाव फक्त गणित समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या भागातल्या तीन नर्सऱ्यांमध्ये विचारून स्वतःचे आकडे टाका.

दहा बाय आठचं तळं, बांधकाम गिऱ्हाइकाचं, वनस्पती आणि जमवण्याचं काम तुमचं.

विक्री धरू:
- कुमुद ४ × २५० = १,००० रुपये
- पाण्याखालच्या जुड्या ४० × २० = ८०० रुपये
- काठावरची रोपं १० × १०० = १,००० रुपये
- पहिल्या सहा आठवड्यांत ४ फेऱ्या × ३०० = १,२०० रुपये
- एकूण ४,००० रुपये

खर्च धरू:
- कुमुद ४ × ८० = ३२० रुपये
- जुड्या ४० × ५ = २०० रुपये
- काठावरची १० × ३५ = ३५० रुपये
- टोपल्या, खडी = ३३० रुपये
- पेट्रोल ४ × १०० = ४०० रुपये
- एकूण १,६०० रुपये

उरले २,४००. यात तुमची मजुरी धरलेली नाही, हे विसरू नका.

खरा पैसा यापुढे आहे. महिन्याला दोन फेऱ्यांचा देखभालीचा करार ७०० रुपयांना केला, पेट्रोल २०० गेलं, तर ५०० उरतात. दहा तळी म्हणजे महिन्याला ५,०००. मी तुम्हाला स्वप्न विकणार नाही. यावर घर चालत नाही. पण शेती किंवा नोकरी सांभाळून, ठरलेल्या तारखेला येणारा हा जोडपैसा आहे. शिवाय प्रत्येक तळ्यातली जास्त वाढलेली रोपं तुम्ही काढता, तीच पुढच्या गिऱ्हाइकाला विकता. माल तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी वाढतोय, असा धंदा दुसरा कुठला सांगा.

सुरुवातीला कर्ज काढू नका. चार-पाच हजारांत सराव होतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पाच गिऱ्हाइकं नियमित झाली आणि मोठी नर्सरी करायची ठरली, तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. उद्योजकता प्रशिक्षण देणाऱ्या एमसीईडीचं मुख्यालयही आपल्याच संभाजीनगरात आहे. एकदा जाऊन चौकशी करा.

गिऱ्हाइकाला आधीच सांगायच्या पाच गोष्टी

काम घेताना या पाच गोष्टी कागदावर लिहून सही घ्या. आधी सांगितलं तर ते ज्ञान असतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

१. "पहिले काही आठवडे पाणी हिरवं होईल. मला फोन करा, तळं उपसू नका."

२. "माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. पाहुण्यांनी चिवडा-बिस्किटं टाकायची नाहीत." हॉटेलमध्ये तर ही पाटीच लावा.

३. "हिवाळ्यात कमळाची पानं वाळतात. ते मेलेलं नाही, झोपलंय. वाळलेली पानं कापून टाकायची, कंद तसाच ठेवायचा. ऊन तापलं की परत फुटतं." हे सांगितलं नाही तर डिसेंबरात तुम्हाला नक्की फोन येणार.

४. "पानावर मावा आला तर फवारणी नको." आपल्याकडे कपाशीमुळे घरात औषधाची बाटली असतेच आणि हात तिकडेच जातो. एक फवारा आणि मासे गेले. पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुवा, पाण्यात पडला की मासे खातात.

५. "पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर लगेच कळवा." रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पानं विरळ करा, मासे कमी करा, कारंजं रात्री चालवा. दिवसा लोकांना दाखवायला आणि रात्री बंद, ही उलटी पद्धत आहे.

गिऱ्हाईक शोधायचं कुठे?

अजिंठा रस्त्यावरची हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि लॉन्स, डॉक्टरांचे बंगले, शाळा, फार्महाऊस. पण पहिला फोन कुणाला करायचा, ते सांगू? ज्यांचं तळं आधीच हिरवं झालंय त्यांना. नवीन तळं बांधायला लावणं अवघड. बिघडलेलं सुधारून देणं सोपं, कारण त्या माणसाला दुखणं माहीत आहे. तुमच्या बशीचे फोटो दाखवा आणि म्हणा, "दोन महिने द्या. बशी दिसली तर करार करू, नाहीतर रोपं परत घेऊन जातो." हे म्हणण्याची हिंमत तुमच्यात कुठून येईल? त्या ९० दिवसांच्या सरावातून.

त्या मुरूम भरलेल्या तळ्याच्या मालकांना मी हेच म्हणालो. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "एकदा हात पोळलाय सर, आता बघू." त्यांचं मी समजू शकतो. एका कच्च्या कामाने अख्ख्या रस्त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायचं काम पुढच्याला करावं लागतं. तो पुढचा तुम्ही असणार आहात, म्हणून घाई करू नका.

या आठवड्याचं काम

एक टब. एक कुमुद. तीन जुड्या. पाच गप्पी. तळाशी एक पांढरी बशी. तारीख टाकून पहिला फोटो आज काढा. बशी दिसेनाशी होईल, आणि तुम्ही पाणी बदललं नाही तर परत दिसेल. त्या दिवशी तुम्ही या धंद्यात आलात असं समजा.

पुढच्या व्हिडिओत देखभालीचा करारनामा ओळीने ओळ कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत हात ओले ठेवा, हिशोब कोरडा ठेवा.